तेलंगराव कोणाचे?

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीला पूर्वी आर्वी-तेलंगराव असंही म्हणत. तेलंग राव वली नावाच्या सत्पुरुषाने हे गाव वसवलं, अशी आख्यायिका. एकाच नावात हिंदूंचा राव आणि मुसलमानांचा वली! 1908 च्या इम्पिरियल गॅझेटियरात ही गोष्ट तीनेकशे वर्षांपूर्वीची म्हणून येते. त्यातली नोंद तशी कारकुनीच, पण मला फार आवडते: हिंदू त्यांना हिंदू म्हणतात, मुसलमान मुसलमान म्हणतात, आणि मानतात दोघेही. गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबाने एवढंच टिपून घेतलं, निकाल दिला नाही. विचारत फिरला असेल तर दोन उत्तरं मिळाली असतील आणि पानसुपारी दोन्हीकडची.

माणूस मुळात कसा, यावर युरोपात मोठमोठे ग्रंथ झाले. इंग्लंडातल्या यादवीने हादरलेल्या हॉब्जने 1651 मध्ये ‘लेव्हायथन’ लिहिला. माणसं एकमेकांना भितात, म्हणून वाद तोडणारा एक सर्वसत्ताधीश हवा, नाहीतर रोजची मारामारी, असा त्याचा हिशोब. रूसोचं 1755 मधलं म्हणणं उलट. माणूस मुळात निरुपद्रवी होता; कोणीतरी जमिनीला कुंपण घातलं, ‘हे माझं’ म्हणाला, आणि तिथून सगळं बिनसलं. या दोघांना आर्वीत आणून बसवावं, असं मला फार वाटतं. इथे दोन्हीकडचे लोक एकाच माणसाला ‘हा आमचा’ म्हणत आले, पण कुंपण पडलं नाही. निवाडा करणाराही कोणाला लागला नाही.

हे कसं जमलं? प्रेमाने, असं म्हणायचा मोह होतो. मला त्यापेक्षा कापसाचा बाजार जास्त खरा वाटतो. दिवाळीनंतर हर्रास पाहावा. व्यापारी गाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, कारण वरचा कापूस कोरडा आणि आतला ओला असू शकतो. मूठभर बाहेर काढतो, सरकी चिमटीत धरून धागा हळूहळू ताणतो, तुटेपर्यंत. शेतकरी कापसाकडे बघतच नाही, व्यापाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो. भाव पुकारला की दुपट्टा झटकून, ‘थोडं वाढवा ना जी’. विश्वास कोणाचाच कोणावर नाही. पण पुढच्या गाडीलाही हेच आवार आहे, हे दोघंही जाणतात. हॉब्जला यात भीती दिसली असती, रूसोला बिघाड. मला दिसतो तो शेजार, थोडा संशयी, थोडा लोचट, आणि बऱ्यापैकी टिकाऊ.

मात्र या शेजाराच्या आरत्या ओवाळायला मी तयार नाही. वली कोणाचा हे न ठरवता पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या याच मुलखाने जिवंत माणसांना वेशीबाहेर ठेवलं. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं झालं ते 1928 साली, तेही जमनालाल बजाजांनी मनावर घेतलं म्हणून. म्हणजे परक्या धर्माचा असू शकेल असा संत चालत होता, आपल्याच देवाच्या पायरीवर आपलाच माणूस चालत नव्हता! संस्कृतींच्या भेटीगाठींवर बोलणारे या पायरीपाशी आले की बहुधा विषय बदलतात.

माणूस मुळात कसा, हा प्रश्न इथेही होताच. वर्ध्याजवळच्या पवनारला 1938 पासून विनोबा राहिले. माणूस मागितलं की देतो, या भरवशावर ते 1951 पासून जमीन मागत गावोगाव चालले. बाबासाहेबांचा असा भरवसा नव्हता. संविधान सभेत 4 नोव्हेंबर 1948 ला त्यांनी बजावलं होतं की संविधानिक नीती उपजत नसते, ती मशागत करून रुजवावी लागते. मी बाबासाहेबांकडे झुकतो. तेलंगरावांची गोष्टही मला स्वभावाची वाटत नाही, सवयीची वाटते. आणि लागलेली सवय सुटतेही.

हल्ली देशभर जुन्या जागांचे मूळ कागद शोधायची हौस आली आहे. उद्या तेलंगरावांचा कागद कोणाला सापडलाच, तर दोन्हीकडचे वकील उभे राहतील, तारखा पडतील, हॉब्जला हवा तसा निवाडाही होईल. तो कोणाच्याही बाजूने लागो, अर्ध्या आर्वीला मग तेलंगरावांच्या समाधीपाशी जायला कारण उरणार नाही.