तारप्याच्या सुरात कॅसिओ



भाताची आवणी उरकली, नागली आणि वरईही माळावर लागली. पाऊस काही उसंत देत नाही, म्हणून आज खतपाण्याची नोंद नाही. आज घरात आलेल्या कॅसिओची नोंद लिहितो. आमचा खरं तर यामाहाचा आहे, पण आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या की-बोर्डला कॅसिओच म्हणतात. ६१ पट्ट्यांचा, सेकंड हँड. मोगऱ्याच्या फुलांचे पैसे आले त्यातून पोराने घेतला.

जव्हार-मोखाड्यात आता पाड्यापाड्यावर पोरं हे वाद्य घ्यायला लागली आहेत. लग्नात वाजवलं तर चार पैसे मिळतात. पण ते घरी नीट कसं ठेवायचं, कसं लावायचं हे कोणी सांगत नाही. आम्ही वर्षभरात जे शिकलो ते लिहितो.

पहिली गोष्ट वीज. अडॅप्टर कुठलाही लावू नका. की-बोर्डच्या मागे व्होल्ट लिहिलेले असतात आणि शेजारी एक छोटी खूण असते, मधे अधिक की मधे उणे. आमच्या यामाहाला १२ व्होल्ट आणि मधे अधिक लागतं. जुन्या कॅसिओच्या काही मॉडेलांना ९ व्होल्ट आणि मधे उणे लागतं. पिन बसते म्हणून लावलं तर सर्किट जाऊ शकतं. मोटरला जशी फेज बघून जोडणी करतो तशी ही खूण बघायची. आमच्यात सहा पेन्सिल सेलही बसतात, लाईट गेली की तेवढंच कामाला येतं. पण वाजवणं नसेल त्या महिन्यात सेल काढून ठेवा, पाझरले तर स्प्रिंगा खातात. आणि आकाशात गडगडाट सुरू झाला की पिन उपसून ठेवायची.

दुसरी गोष्ट जागा. चुलीच्या खोलीत ठेवू नका. पट्टीच्या खाली रबराची टोपी असते, तिच्यात काळा कार्बन असतो. पट्टी दाबली की तो खालच्या पट्टीला टेकतो आणि सूर वाजतो. तिथे धूर, धूळ, ओल बसली की एकेक पट्टी मुकी होते. आपल्याकडे पावसाचे चार महिने भिंती ओल्या असतात. आम्ही भिंतीपासून हातभर पुढे, पाटावर ठेवतो आणि वर जुनी सुती चादर टाकतो. प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नका, आत ओल धरते. स्टँड घ्यायची गरज नाही. पेटीसारखी मांडी घालून बसा, फक्त कोपर पट्ट्यांच्या उंचीला आलं पाहिजे, नाहीतर मनगट दुखतं. रात्री सराव करायचा तर हेडफोन लावा. घरातले सकाळी लवकर उठणारे असतात.

आता मुख्य गोष्ट. ती सुराची.

आमच्या पाड्यावर सत्तरी ओलांडलेले एक काका आहेत, तारपा वाजवणारे. आमच्या गावाचं नावच वावर, आणि या वावरातल्या किती लग्नांत त्यांनी रात्रभर नाच चालवला याची मोजदाद नाही. आता लग्नात पार्टी येते आणि तारप्याचा आवाजही की-बोर्डमधूनच काढतात. काकांना कोणी बोलवत नाही. यंदा आपल्याच तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना तारप्यासाठी पद्मश्री जाहीर झाली. सगळ्यांना आनंद झाला, मोबाईलवर फोटो फिरले. पण शेजारच्या पाड्यावरचा तारपेकरी घरातच बसला असेल तर त्या आनंदाचं करायचं काय, असं मला वाटत होतं. म्हणून पोराला म्हटलं, काकांबरोबर वाजवून बघ.

तो गेला, बसला, आणि दोघांचं जमेना. पोरगा म्हणाला, "बाबा, आजोबांचा तारपा बेसूर आहे." काका शांतपणे म्हणाले, "तुझी पेटी बेसूर आहे."

दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. की-बोर्डमध्ये सा पासून वरच्या सा पर्यंत बारा सारखे भाग केलेले असतात, आणि सगळा कारभार ४४० या आकड्यावर बांधलेला असतो. म्हणजे एका ठरावीक पट्टीचा आवाज सेकंदाला ४४० वेळा थरथरतो. तारपा कारखान्यात बनत नाही. वाळलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, बांबूच्याच जिभल्या, मेण आणि खाली ताडाच्या पानांचा कर्णा. भोपळा केवढा, नळी किती लांब, जिभली किती पातळ यावर त्याचा सूर ठरतो. दोन तारपे एका सुराचे निघतीलच असं नाही. त्याला ४४० माहीत नाही आणि माहीत असायचं कारणही नाही.

मग हलायचं कोणी? तारप्याची नळी कापून की-बोर्डला जुळवायची, की की-बोर्ड तारप्याला लावायचा? ज्याला बटण आहे त्याने हलावं, असं मी म्हटलं. रोपाला बघून अंतर ठरवतो, अंतराला बघून रोप कापत नाही.

पद्धत अशी. आधी काकांना दहा मिनिटं वाजवू द्यायचं. श्वासाने बांबू आणि मेण गरम होतं, मग सूर स्थिर होतो. तोवर की-बोर्डला हात लावायचा नाही. मग काकांनी खालचा सूर लांब धरायचा. की-बोर्डवर साधा ऑर्गनचा आवाज निवडायचा, कारण पियानोचा सूर लगेच विरतो. सर्वात जवळची पट्टी शोधायची. ट्रान्सपोजचं बटण एकेक पट्टीने वर-खाली नेतं, त्याने पोराच्या सोयीची पट्टी तिथे आणायची. ट्रान्सपोज म्हणजे पावलाने मोजणं. उरलेलं बोटभर अंतर ट्युनिंगने भरायचं. आमच्या मॉडेलमध्ये ४४० चा आकडा खाली ४२७ आणि वर ४५३ पर्यंत फिरतो. म्हणजे अर्धी पट्टी खाली, अर्धी पट्टी वर. दोन्ही मिळून कुठलाही सूर गाठता येतो.

जुळलं हे ओळखायचं कसं? दोन सूर जवळ येतात तेव्हा आवाज हेलकावतो, वांव-वांव असा. सेकंदाला तीन हेलकावे आले तर दोन आवाजांत तीनचा फरक आहे. आकडा फिरवत जा, हेलकावे सावकाश होत जातात. जवळपास थांबले की जुळलं. त्याला कान तयार असायला लागत नाहीत, धीर लागतो. आम्ही वहीत लिहून ठेवलं: मोठा तारपा, ट्रान्सपोज उणे २, ट्युनिंग ४३४.६. लहान तारप्याचे आकडे वेगळे. दर वेळी चालू केल्यावर आकडे तपासायचे.

एवढं करूनही सगळे सूर जुळत नाहीत. खालचा जुळतो, वरचे काही पट्ट्यांच्या मधे पडतात. त्याला इलाज नाही. पेटीवरही हीच तक्रार होती. मधले सूर निघत नाहीत म्हणून आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं पेटीवर बंदी ठेवली होती. आज पेटीशिवाय भजन होत नाही. तेव्हा बाहेरून आलेलं वाद्य वाईट असं मी म्हणणार नाही. पण त्याला काय येत नाही हे माहीत पाहिजे. आम्ही ठरवलं की चाल तारपा वाजवेल, की-बोर्ड फक्त खालचा सूर धरेल आणि जे दोन-तीन सूर जुळतात तेवढेच घेईल. डाव्या हाताने आपोआप कॉर्ड वाजतात ते बटण बंद.

तालाचं बटणही बंद. हे काकांनी सांगितलं आणि मला सर्वात पटलं. मशीनच्या तालाला आकडा असतो, १२० लावला की रात्रभर १२०. तारपेकरी मधे उभा असतो आणि फेर त्याच्याभोवती फिरतो. तो पाय बघतो. पाय थकले की चाल सावकाश करतो, पोरं तापली की बदलतो. चाल बदलली की फेराचे पायही बदलतात. काका म्हणाले, "मशीनला दम लागत नाही, म्हणून तिला दुसऱ्याचा दम कळत नाही." आता ताल ढोलकीवर, माणसाच्या हाताने.

मे महिन्यात नात्यातल्या लग्नात दोघांनी तासभर वाजवलं. बायका आणि म्हातारी माणसं फेरात उतरली, काही पोरंही आली. नंतर डीजे लागला आणि बाकीची पोरं तिकडे गेली. तेही लिहायला हवं. पोरगा पार्टीबरोबरही जातो, तिथे ताल मशीनचाच असतो. मी अडवत नाही. दिवाळीनंतर भिवंडीच्या वीटभट्टीवर जाण्यापेक्षा ते बरं. पण काकांबरोबर बसायचं असेल तेव्हा आकडे काकांचे, एवढं घरात ठरलं आहे.

आता शेतकऱ्याचं काम. की-बोर्ड दुकानात मिळतो, तारप्याचा भोपळा मिळत नाही. बाजारचं संकरित दुधीचं बी लांब, कोवळ्या फळासाठी असतं, ते तारप्याला चालत नाही. जाड सालीचं गावठी बी लागतं. काकांकडे मूठभर होतं, त्यातल्या सात बिया मी यंदा मांडवावर लावल्या. फळ टांगलेलं राहिलं की सरळ वाढतं, जमिनीवर टेकलं की वाकतं. तोडायची घाई करायची नाही. देठ सुकू द्यायचा, साल नखाने ओरखडली जाणार नाही इतकी कडक होऊ द्यायची. मग सावलीत वाळवायचं. आत बिया खुळखुळल्या की तयार.

सातपैकी पाच वेल चढले आहेत. ज्यांच्याकडे असं जुनं बी असेल त्यांनी यंदा दोन वेल तरी बियासाठी राखून ठेवा. मी माझ्याकडचं दिवाळीनंतर वाटणार आहे. मागायला येताना पिशवी आणा, आणि घरात कॅसिओ असेल तर पोरालाही घेऊन या.