चोखंदळ मासा

मृगाचा पाऊस पडून गेल्यावर हातखंब्याच्या तिठ्यावर दिवे लागतात, आणि वाळवीला पंख फुटल्याचे साऱ्यांना कळते. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणारा रस्ता इथे मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. टपऱ्यांच्या दिव्यांभोवती तास-दोन तास नुसती भिरभिर चालते आणि सकाळी उंबऱ्याशी पंखांचा खच उरतो, अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखा. जांभ्याच्या मातीतून निघालेला हा जीव थोडाच वेळ उडतो, पंख टाकतो आणि जोडीने पुन्हा मातीत शिरतो. मुंगीला पंख फुटले की मरण जवळ आले, असे म्हणतात. वाळवीच्या बाबतीत त्या मरणाचा एक वाटेकरी पाण्यात असतो. उत्तरेला बावनदी, दक्षिणेला काजळी. थव्यातले काही जीव एखाद्या कोंडावर पडले, की खालून मासा वर येतो, टिपतो, वर्तुळ उमटवून खाली जातो. अशा वेळी गरीला लावलेला काडू, म्हणजे गांडूळ, त्याच्या पुढ्यात लोंबत असला तरी तो त्याला तोंड लावीलच असे नाही.

हा हट्ट नव्हे, हिशेब आहे. एकाच आकाराचे, एकाच चालीचे खाद्य मुबलक असताना तेच टिपत राहिले की शोधाचे श्रम वाचतात. लुक टिनबर्गन या डच अभ्यासकाने पाइनच्या जंगलातल्या पक्ष्यांवरून मांडलेला हा विचार 1960 मध्ये प्रसिद्ध झाला: एखादा किडा पुरेसा वाढला की पक्ष्याच्या नजरेत त्याचा साचा तयार होतो आणि साच्यात न बसणारे बाकीचे किडे जणू दिसेनासे होतात. माशाच्या चोखंदळपणाचीही हीच उकल दिली जाते.

फ्लाय फिशिंग ही सारी कला या स्वभावावर उभी आहे. गरीवर आमिष नसते. पिसे, केस आणि दोरा गुंडाळून केलेली माशी असते. तिला वजन जवळपास नसतेच, म्हणून वजन दोरीत असते; काठीच्या झोक्याने दोरीचा वेढा हवेत उलगडतो आणि माशी त्याच्यामागून पाण्यावर उतरते. या कलेत सर्वांत जास्त कौतुक ट्राउटचे झाले. कोकणच्या नद्यांत हा मासा नाही आणि असणारही नाही. त्याला 20 अंशांखालचे, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. 25 अंशांच्या आसपास त्याचा जीव धोक्यात येतो. भारतात तो विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीच्या थंड पाण्यात आणून सोडला गेला.

रेनबो ट्राउट मूळचा प्रशांत महासागराच्या दोन्ही काठांचा, उत्तर अमेरिकेचा आणि कामचाटकाचा. त्याचे शास्त्रीय नाव दीर्घकाळ गेर्डनर या तरुण डॉक्टरच्या नावावरून चालत आले. कोलंबिया नदीवरचे नमुने त्यानेच पाठवले होते आणि 1836 मध्ये त्याच्या सन्मानार्थ ते नाव ठेवले गेले. पण कामचाटकाचा मासा आणि हा मासा एकच, हे पटल्यावर 1792 चे जुने नाव पुढे आले: मायकिस. हा कामचाटकाच्या लोकांचा शब्द. 1989 मध्ये तोच रूढ झाला आणि डॉक्टरचे नाव मागे पडले. असेच भाग्य एका मराठी शब्दालाही लाभले आहे. कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली आणि मुळा-मुठेतल्या महसीरला ‘खुद्री’ म्हटले. पुण्याकडे या माशाला खडशी म्हणतात; त्या शब्दाचा घाट इंग्रजी कानाने पकडलेला ऐकू येतो. ‘कोलुस’ हे त्यांनी दिलेले आणखी एक नाव, आपला कोळस. ज्यांनी मासा धरला, कापला, रांधला, त्यांचा शब्द जगाच्या सूचीत टिकावा, यात न्याय आहे. हाच महसीर महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडात वरदायिनीच्या आश्रयाने निर्धास्त राहतो. तिथे त्याला कोणी धरत नाही. भाविक टाकतात ते खाद्य तो झुंबड करून घेतो. नियम इथेही तोच: जे रोज मुबलक, तेच ओळखीचे.

वाहत्या नदीत ट्राउट एका जागी थांबतो आणि प्रवाह त्याला अन्न आणून देतो. तळ्यात प्रवाह नसतो, म्हणून मासा फिरतो. आणि साचलेल्या पाण्यात त्याला माशी न्याहाळायला हवा तेवढा वेळ मिळतो. वरचे जग त्याला एका गोल खिडकीतून दिसते. एक मीटर खोलीवरून ही खिडकी सुमारे सव्वादोन मीटर रुंद असते. तिच्याबाहेर पाण्याची पाठ आरशासारखी तळ दाखवते. मासा जितका वर, तितकी खिडकी लहान.

तळ्यातले त्याचे मोठे खाद्य म्हणजे डासासारख्या, पण न चावणाऱ्या बारीक माशा. त्यांच्या अळ्या तळच्या चिखलात वाढतात, काहींच्या अंगात हिमोग्लोबिन असल्याने त्या लालभडक दिसतात. कोश वर तरंगत येतो आणि पाण्याच्या ताणलेल्या पापुद्र्याखाली क्षणभर अडकतो. ट्राउट तिथेच त्याला गाठतो. काठावरून फक्त माशाची पाठ दिसते, तोंड दिसत नाही. मासा वरच्या माशा खातो आहे असे समजून तरंगती माशी टाकणारा तासन्‌तास रिकामा राहतो.

म्हणून आधी काठी बाजूला ठेवून पाणी पाहावे लागते: काय तरंगते आहे, वर्तुळे कुठून कुठे सरकताहेत, दोन वर्तुळांत किती वेळ जातो. पुढच्या वर्तुळाच्या वाटेवर माशी आधीच उतरवून ठेवायची आणि हलवायची नाही. मासा जवळ येऊन, पाहून वळला, तर आधी दोरा बारीक करावा, मग माशीची खोली बदलावी, मग आकार लहान करावा. रंगाची पाळी शेवटी येते.