अवसेला ग्रहण आहे, गच्चीवर या

२ ऑगस्ट २०२७. आषाढातली अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस, आणि सोमवार असल्यामुळे सोमवतीही. समया, निरांजनं, माळ्यावरचा कंदील खाली काढून चिंचेनं लख्ख घासायचा दिवस. नेमकं त्याच दिवशी दुपार कलल्यावर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. दिव्यांच्या पूजेलाच सगळ्यांत मोठा दिवा थोडा झाकला जावा, हे काही कुणी जुळवून आणलेलं नाही. सूर्यग्रहण लागतं ते अमावास्येलाच, आणि आपल्याकडे अमावास्या कोरड्या जातात कुठे? (आदल्या दिवशी रविवारी गटारी आहे, तेही लक्षात घेऊन आमंत्रणं करायला हवीत.) पण हे कळल्यापासून माझ्या मनानं घेतलंय, त्या दिवशी गच्चीवर माणसं जमवायची.

ग्रहणाची स्वतःची तयारी काहीच करावी लागत नाही. ते ठरल्या सेकंदाला येतं आणि ठरल्या सेकंदाला जातं. बेभरवशाचे दोघेच : श्रावणाच्या तोंडावरचे ढग आणि आमच्या सोसायटीतली मंडळी.

ढगांपुढे कुणाचं चालत नाही. २२ जुलै २००९च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा सुरतेवरून पाटण्याकडे गेला होता. पाटण्याजवळच्या तारेगणा या गावी माणसांची झुंबड उडाली, आणि सगळ्यांना दिसले ते ढग. तेव्हा मी सोय करून ठेवतेय. २०२७च्या ग्रहणाचा खग्रास पट्टा स्पेनच्या दक्षिण टोकावरून, उत्तर आफ्रिकेतून, इजिप्तमधल्या लक्झरवरून पुढे अरबस्तानात जातो. लक्झरच्या आसपास खग्रास अवस्था सहा मिनिटांहून जास्त टिकेल आणि ती वेळ आपल्या घड्याळात साडेतीनच्या सुमाराची असेल. म्हणजे आधी खालच्या हॉलमध्ये पांढरी चादर ताणून तिथलं थेट प्रक्षेपण पाहायचं आणि मग जिना चढून वर जायचं. तोवर त्याच चंद्राची विरळ छाया आपल्यापर्यंत पोचत असेल. पाऊस लागला तर चादर आहेच.

मंडळींचं मात्र मनावर घ्यावं लागतं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना सांगायला गेले, तर त्यांनी पहिलं पंचांग मागितलं. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, म्हणजे त्या दिवशी उजाडल्यापासूनच उपास. मुलं, म्हातारी आणि आजारी माणसं यांना त्यात सूट असते, पण आजी स्वतःला म्हाताऱ्यांत धरत नाहीत. "तुम्ही काय हवं ते बघा गं," त्या म्हणाल्या, "पण ग्रहणात कुणाच्या तोंडात घास जाता कामा नये." मी वाद घातला नाही. ग्रहणात शिजलेलं अन्न विषारी होतं, हे मला मुळीच पटत नाही आणि मुलांना मी ते तसं सांगणारही नाही. पण पंगतीची वेळ ठरवायची तर मोक्षानंतरचीच बरी, नाहीतर निम्मी मंडळी खाली भज्यांच्या घाण्याभोवती उभी राहतील आणि सूर्य वर एकटाच. पदार्थही आजींनीच सुचवला, अवसेचे कणकेचे दिवे. गुळाच्या पाण्यात मळलेली कणीक, हातानं वळलेले दिवे, वाफेवर उकडून वर साजूक तुपाची धार. ग्रहण सुटलं की घासलेल्या समया लावायच्या आणि मग हे दिवे खायचे.

आता चष्मे. ते कागदी चौकटीचे, काळ्या पडद्याचे मिळतात. आयएसओ १२३१२-२ असा छाप बघून घ्यावा, आणि चष्मा घरात डोळ्यांवर लावून पाहावा. ट्यूबलाइटसुद्धा दिसता कामा नये. पडद्याला ओरखडा असेल तर चष्मा कचऱ्यात. जुना एक्स-रे, सीडी, काजळी धरलेली काच यांना गच्चीवर बंदी. दुर्बिणीला डोळा लावायचं तर नावच नको, चष्मा घालूनसुद्धा नको.

पण खरं सांगायचं तर मला चष्म्यातलं ग्रहण फारसं भावत नाही. ते एकेकट्याचं असतं. माणूस मान वर करतो, आपलं आपण बघतो, चष्मा पुढच्याच्या हाती देतो. कवडशातलं ग्रहण सगळ्यांचं असतं.

ते मी पहिल्यांदा बघितलं १६ फेब्रुवारी १९८०ला, कोल्हापुरात. खग्रास पट्टा खाली कारवार-अंकोल्यावरून गेला होता, आमच्याकडे सूर्याची जेमतेम कोर उरली होती. शनिवारची दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. माझ्या आजीनं दारं-खिडक्या लावून घेतल्या, पाण्याच्या पिंपात तुळशीची पानं टाकली, परातीत पाणी घालून मुसळ उभं केलं. आम्ही पोरं मुसळाकडे टक लावून बसलो होतो. छपराच्या कौलांना चार-दोन फटी होत्या आणि त्यांतून रोज दुपारी सारवलेल्या जमिनीवर गोल कवडसे पडत. त्या दिवशी ते गोल राहिले नाहीत. आधी एका अंगानं चेपले, मग बारीक होत होत चंद्रकोरी झाले, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या. धाकट्या भावानं एका कोरीवर तळहात धरला, तर ती त्याच्या हातावर आली. आजीनं ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तीही वाकून बघायला लागली. दारं लावलेल्या घरात ग्रहण कौलांच्या फटीतून येऊन बसलं होतं. बाहेर "दे दान, सुटे गिराण" ऐकू आलं तेव्हाच आजी सुपातले तांदूळ घ्यायला उठली.

म्हणून माझ्या यादीत चष्म्यांपेक्षा स्वयंपाकघरातल्या वस्तू जास्त आहेत. पुरणाची चाळण, झारा, किसणी. त्यांच्या प्रत्येक भोकातून खाली कागदावर सूर्याचं एकेक बिंब पडतं. काहीच नसलं तर दोन्ही हातांची बोटं आडवी-उभी धरली तरी चालतं. आणि एक आरसा. आरशावर काळा कागद चिकटवायचा, त्याला मध्ये बोटाच्या पेरापेक्षा लहान भोक, आणि तिरीप जिन्याच्या अंधाऱ्या भिंतीवर टाकायची. दहा मीटरवर साधारण नऊ सेंटीमीटरचं बिंब मिळतं. ते भिंतीवर सरकत राहतं, दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढं. आरसा सारखा हलवायला कुणीतरी लागतं. ते काम मी सातवीतल्या पोरांना देणार आहे. पृथ्वी फिरते हे त्यांना तिथे हातात कळेल.

कामं अशी वाटून द्यायची कल्पना मला विजयदुर्गानं दिली. किल्ल्यात साहेबाचे कट्टे आहेत. १८६८च्या ग्रहणात इंग्रज खगोलज्ञ लॉकियरनं इथूनच हेलियमचा शोध लावला, असं तिथे हमखास सांगतात. ते खरं नाही. त्या १८ ऑगस्टला फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन गुंटूरला होता, आणि लॉकियरनं आपलं निरीक्षण ऑक्टोबरात इंग्लंडमधून, ग्रहणाशिवायच केलं. विजयदुर्गावर तो आला २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. त्या वेळी अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल सोलापूरकडच्या जेऊरला तळ देऊन बसला होता. लॉकियरनं मेल्पोमिनी या युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी हाताशी धरले आणि प्रत्येकाला नेमून काम दिलं. हा सगळा खटाटोप जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी. मला तर हेलियमच्या दंतकथेपेक्षा तोफा सोडून दुर्बिणींपाशी उभे राहिलेले खलाशीच जास्त आवडतात.

आमच्याकडे अंधार पडणार नाही. थोडासाच घास आहे, ऊन मंद झालेलंही कदाचित जाणवणार नाही. कुणी चष्मा न लावता, न बघता खाली भाजी निवडत बसलं, तर त्याला ग्रहण लागलेलं कळणारसुद्धा नाही. खग्रास हवं असेल तर भारतात २० मार्च २०३४पर्यंत थांबा आणि लडाखचं तिकीट काढा. तोवर हेच. चष्मे वेळेवर मागवा, चाळण घासून ठेवा, आणि तुमच्याही सोसायटीच्या गच्चीला कुलूप असेल तर सेक्रेटरींकडे किल्लीचा विषय आत्ताच काढा, कारण सोमवारी दुपारी ते ऑफिसात असतात.