भजन हवेत जाऊ नये म्हणून…

नागपूरहून अमरावतीकडे निघालात आणि तिवसा मागे टाकलंत, की गाडीचा स्पीड जरा कमी करा. हा आपला जुना नॅशनल हायवे सहा, आताचा त्रेपन्न. ट्रक, ढाबे, दोन्हीकडे कापूस नि सोयाबीन, आणि मधेच गुरुकुंज मोझरी. नव्वद टक्के गाड्या इथून सरळ निघून जातात. ‘तुकडोजी महाराजांचं गाव ना?’ एवढं म्हणून खिडकीतून हात जोडले की झालं! पण दोन तास हाताशी असतील तर उतराच. खंजिरीवरचा आवाज कागदावर कसा उतरला, हे कळायला याहून चांगली जागा नाही.

बेसिक माहिती आधी. महाराज, म्हणजे मूळचे माणिक बंडोजी इंगळे, १९०९ साली याच जिल्ह्यातल्या यावलीत जन्मले. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू. शाळेशी संबंध थोडाच, पण हातात खंजिरी आली की समोर हजारो माणसं डोलायची. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९४२ च्या आंदोलनात इंग्रज सरकारनं त्यांना तुरुंगात टाकलं. १९५५ साली ते जपानला विश्वधर्म परिषदेला जाऊन आले. ११ ऑक्टोबर १९६८ ला देह ठेवला. २००५ पासून नागपूर विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे.

आश्रमात शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो साधेपणा. महासमाधी आहे, पण देवस्थानाचा गजबजाट नाही. सामुदायिक प्रार्थनेत मूर्ती नसते, समोर असतं ते फक्त अधिष्ठान. सकाळी ध्यान, संध्याकाळी प्रार्थना. कुठल्याही जातीधर्माच्या माणसानं येऊन बसावं, कुणी काही विचारत नाही.

मी मात्र एका माणसासाठी गेले होते, ज्याचं नाव माझ्या पिढीतल्या फारशा कुणाला माहीत नाही. सुदामदादा सावरकर.

लिहून घेणारा माणूस

महाराज भजनं टेबलावर बसून लिहिणाऱ्यांतले नव्हते. समोर लोक, हातात खंजिरी, आणि शब्द तिथल्या तिथे सुचत जायचे. मराठीत, हिंदीत, हजारोंनी. आता विचार करा, टेपरेकॉर्डर गावोगाव नव्हता, मोबाइल तर स्वप्नातही नाही. मग आज ही भजनं आपल्याकडे आली कुठून?

कुणीतरी लिहून घेतली म्हणून. जुळवली, तपासली, छापली म्हणून. हे काम अनेक हातांनी केलं, पण त्यातलं मोठं नाव सुदामदादांचं. श्रीगुरुदेव सेवा मंडळाला वाहून घेतलेला हा माणूस. ‘श्रीगुरुदेव’ मासिकाचं संपादन त्यांनी केलं, महाराजांचं चरित्र लिहिलं, आणि ग्रामगीतेचे संपादकही तेच.

ग्रामगीता म्हणजे काही छोटं काम नव्हे. ४१ अध्याय, साडेचार हजारांहून जास्त ओव्या. अध्यायांची नावं वाचलीत तर चाट पडाल. ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, महिलोन्नती, गोवंशसुधार! एका संतानं गटारीपासून शाळेपर्यंत सगळ्यावर बोलायचं, आणि ते गावच्या माणसाला वाचता येईल असं पुस्तकात नीट बसवायचं. संपादनाची मेहनत चांगली झाली की ती दिसत नाही. वाचणारा म्हणतो, ‘महाराज किती सोपं बोलले.’ सोपं करून मांडणाऱ्याची आठवण कुणाला येत नाही.

मोठ्या विद्यापीठांत अशा कामाला पद असतं, पगार असतो, एसी खोली असते. इथे भगवी टोपी होती आणि सेवा होती, बस्स.

आजोबांची वही

माझ्या पर्समध्ये त्या दिवशी एक जुनी वही होती. आजोबा त्यांच्या गावच्या भजन मंडळात होते. ती वही गावचं घर विकताना रद्दीच्या गठ्ठ्यात निघाली होती. आईनं ती बाजूला काढली आणि पुण्याला माझ्याकडे पाठवून दिली. शाईनं लिहिलेली भजनं, काहींखाली गावाचं नाव नि तारीख.

प्रार्थना संपल्यावर एका वयस्क सेवकाला ती दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, पान उलटलं, पुटपुटत एक भजन वाचलं आणि थांबले. आश्रमाचं छापील पुस्तक आणलं. तेच भजन, पण एका ओळीत शब्द वेगळा. पुस्तकात शुद्ध मराठी, आजोबांच्या वहीत ठसठशीत वऱ्हाडी.

“मग आजोबांचं चुकलं का हो काका?” मी विचारलं.

“चुकन कायले जी? महाराज दरवेळी तेच थोडी म्हनत! इकडे एक म्हनलं असन, तुमच्या गावात दुसरं म्हनलं असन. दोन्ही खरे.” मग वही माझ्या हातात परत देत म्हणाले, “भजन तं हवेत जाते बाई. थे धरून ठेवनारा मानूस पायजे. हे वही जपा.”

तासाभरावर, सातशे वर्षं मागे

हे वाक्य डोक्यात घेऊनच मी रिद्धपूरला निघाले. मोझरीहून साधारण तासाभराची ड्राइव्ह, मोर्शी तालुका. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू इथले. आणि इथेच तेराव्या शतकात म्हाइंभट नावाच्या महानुभाव पंडितानं ‘लीळाचरित्र’ लिहिलं, मराठीतला आद्य गद्यग्रंथ.

म्हाइंभटाची कामाची पद्धत आजच्या रिपोर्टरला लाजवेल अशी. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर हा गृहस्थ आठवणी गोळा करत फिरला. ज्यांनी पाहिलं, ज्यांनी ऐकलं, त्यांना गाठून विचारलं. नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतलं. पुढे खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, असं परंपरा सांगते. मग शिष्यांनी पाठ असलेलं पुन्हा लिहून काढलं. दोघांच्या आठवणीत फरक पडला तर पोथ्यांमध्ये दोन्ही पाठ ठेवले गेले. मोझरीचे काका ‘दोन्ही खरे’ म्हणाले, ते इथे सातशे वर्षं आधी चालू होतं!

एक फरक मात्र मजेदार आहे. महानुभावांनी आपलं वाङ्मय सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत कुलूपबंद करून जपलं. बाहेरच्या अभ्यासकांना त्याची किल्ली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिळाली. नंतर नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या डॉ. वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राची संशोधित आवृत्ती काढली. गुरुकुंजानं उलटं केलं. छापून गावागावांत वाटून टाकलं. एकानं लपवून जपलं, दुसऱ्यानं वाटून. दोन्ही टिकलं, कारण दोन्हीकडे आयुष्य खर्ची घालणारी माणसं होती. आता मराठी भाषा विद्यापीठही रिद्धपूरलाच आहे. पोथ्या होत्या, तिथे विद्यापीठ आलं.

आपल्या फोनमध्ये शेकड्यांनी व्हिडिओ पडलेले असतात. त्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या किती? गावच्या भजनी बुवांचा आवाज आहे? स्टोरेज आपल्याकडे भरपूर आहे. शेजारी बसून ‘परत म्हणा, लिहून घेतो’ म्हणणारा माणूस कमी झालाय. सुदामदादांची आठवण ठेवायची तर पुतळा नको, एक वही आणि पेन पुरे.

कसं जाल?

अमरावतीहून मोझरी सुमारे ३५ किलोमीटर. नागपूर-अमरावती रस्त्यावर एसटी भरपूर. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळेआधी पोचा, मोबाइल सायलेंटवर ठेवा. अमरावतीत गिला वडा खाल्ल्याशिवाय परतू नका. गर्दी चालत असेल तर आश्विन वद्य पंचमीच्या पुण्यतिथीला जा. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसं एकदम स्तब्ध उभी राहतात आणि हायवेच्या कडेचं ते अख्खं गाव गप्प होतं. तेवढी शांतता रेकॉर्ड करत बसू नका. घरी आल्यावर, काय वाटलं ते लिहून मात्र ठेवा.