सतरंजीची निगा

आमच्या घरी सासूबाईंच्या काळातली हातमागाची सुती सतरंजी आहे. दशलक्षण पर्वात तिच्यावर बसून तीन पिढ्यांनी स्वाध्याय केला. सोलापुरातील हातमागांचा खटखटाट आता पुष्कळ ओसरला आहे. तशी दुसरी विणून मिळेल, हा भरवसा उरलेला नाही.

गालिचे धुणारे जाणकार पाण्याकडे सर्वांत शेवटी वळतात. धुळीचे बारीक कण धाग्यांना आतून कापत असतात, आणि भिजले की त्यांचा चिखल विणीत रुततो. म्हणून सतरंजी प्रथम दोन्ही बाजूंनी झाडून घ्यावी. मग ओले पांढरे फडके प्रत्येक रंगावर दाबून पाहावे. फडक्याला रंग लागला, तर ती घरी धुऊ नये. न लागल्यास गाळलेले थंड पाणी व सौम्य साबण वापरावा. न पिळता, सावलीत आडवी पसरून वाळवावी. दोरीवर टांगल्यास ओल्या वजनाने वीण ताणली जाते.

स्वच्छ, पूर्ण कोरड्या वस्त्राला कसर सहसा लागत नाही. जीव मारण्याची वेळच येऊ न देणे, हाच यत्नाचार.

एका कोपऱ्यात तेलाचा जुना डाग अजून आहे. तो काढण्यासाठी वीण झिजवावी, असे मला वाटत नाही.