कपाटामागची भिंत

कपाट उघडलं आणि आतून चिपळूण आलं. म्हैसूरला राहायला येऊन मला पंचवीसहून अधिक वर्षं झाली, पण तो वास ओळखायला क्षणही लागला नाही. कुबट, किंचित गोडसर, भिजून वाळलेल्या गोणपाटासारखा. गेल्या वर्षीचा मे महिना. वळीव चार दिवस लागोपाठ पडून गेला होता. चामराजपुरममधल्या आमच्या भाड्याच्या जुन्या घरात, मधल्या खोलीत, ते कपाट भिंतीला अगदी चिकटून उभं होतं. नवऱ्याने आणि मी मिळून ते हातभर पुढे ओढलं. मागच्या प्लायवर आणि भिंतीवर, माझ्या कमरेपासून खाली जमिनीपर्यंत काळे-हिरवे ठिपके पसरले होते. मधे एकमेकांत मिसळून गेलेले, कडेला सुटे सुटे.

मी ओलं फडकं आणायला वळले आणि दारातच थांबले. आषाढात आई येणार होती, आणि ती याच खोलीत झोपते.

चिपळूणला आम्ही बुरशी म्हणत नसू, भुरा म्हणत असू. जुलै लागला की तो यायचाच. वडिलांच्या चामड्याच्या पट्ट्यावर, पोथीच्या पुठ्ठ्यावर, हार्मोनियमच्या भात्यावर, ओला हात लागला तर आमसुलांच्या बरणीतही. भिंतीच्या पायथ्याशी पांढरा फुलोरा यायचा तो मात्र लोणा. दिसायला दोन्ही सारखेच, पण आजी चिमटीत धरून चोळायची. खरखरीत लागला तर लोणा, मऊ लागला तर भुरा. लोणा म्हणजे जमिनीतलं पाणी भिंत वर ओढते त्यातला क्षार, तो जिवंत नव्हे, हे मी पुढे वाचलं. आजीच्या बोटांना ते आधीच माहीत होतं.

वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या त्या गावात बाईचा अर्धा पावसाळा भुऱ्याशी झगडण्यात जायचा. पापड-सांडगे चुलीवर टांगलेल्या फळीवर, कपडे चुलीच्या उबेला, लोणच्यावर बोटभर तेल उभं. बुरशीला हवा लागते, आणि तेलाखाली ती मिळत नाही. कौलांच्या फटींतून वारा फिरायचा, धूर फिरायचा, घर कधी पुरतं मिटलेलं नसायचं. त्या घराचे गोडवे मात्र मला गाववत नाहीत. त्याच धुराने आजीचे डोळे आणि छाती दोन्ही गेली. पण पुढे गॅस आला, स्लॅब पडला, भिंतींना ऑइलपेंट लागला, खिडक्यांना काचा बसल्या, तेव्हा धुराबरोबर वाराही बाहेर राहिला. ओल तेवढी आत राहिली.

मग 26 जुलै 2005. मुंबईच्या पुराची आठवण सगळ्यांना आहे. त्याच पावसात वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळुणात शिरलं होतं. मी पोचले तेव्हा ऑगस्ट उजाडला होता. घरात पाण्याची रेघ खिडकीच्या वर होती आणि रेघेखालची भिंत पांढऱ्या, हिरव्या, काळ्या लवेने भरलेली. 1864 साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकंही त्या पुरात भिजली. ज्या ग्रंथालयाने मला वाचायला लावलं, तिथल्या पुस्तकांची फुगलेली पानं बघवत नव्हती.

भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली तर बहुधा वाचते, नंतर बुरशी धरते. आम्ही आठवडा घालवला होता. आईने कोरड्या खराट्याने भिंती झाडायला घेतल्या, तोंडाला पदरसुद्धा लावला नव्हता. खराट्याच्या प्रत्येक फटकाऱ्याबरोबर खोलीत धूसर ढग उठायचा. तो ढग म्हणजे बीजाणू, आणि प्रत्येक बीजाणूतून नवी बुरशी उगवू शकते. हे तेव्हा आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. पण त्यापुढचं जे झालं ते मी केलं. पुरानंतर घरोघरी ब्लिचिंग पावडर आली होती. ती मी बादलीत कालवली, आणि न्हाणीघराची फरशी लवकर निघावी म्हणून त्यातच संडास धुवायचं ॲसिड ओतलं. पिवळट वाफ आली, घसा आवळला. आई माझ्या मागेच उभी होती. आम्ही दोघी अंगणात धावलो आणि कितीतरी वेळ खोकत बसलो. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या क्लीनरशी ब्लीच मिसळलं तरी विषारी वायूच निघतो. ब्लीच आणि ॲसिडचे डबे आजही कित्येक घरांत न्हाणीघराच्या एकाच फळीवर शेजारी शेजारी असतात. कोणाच्या घरी दिसले की मी सांगितल्याशिवाय राहत नाही.

त्या थंडीत आईचा खोकला गेला नाही. पुढच्या पावसाळ्यात डॉक्टरांनी दमा सांगितला, पंप दिला. तो क्लोरीनने आला, भुऱ्याने वाढला की आधीपासूनच दबून होता, हे डॉक्टरांना ठामपणे सांगता आलं नाही, मलाही येत नाही. ती बादली मात्र मला विसरता आली नाही.

दिवाळीत दादाने त्या भिंतींवर ऑइलपेंटचे दोन हात दिले. घर सुंदर दिसलं. पुढच्या श्रावणात त्याच रेघेखाली रंगाला फोड आले, पोपडे सुटले आणि आतून तोच काळा नकाशा वर आला. मेलेली बुरशीही दम्याच्या माणसाला त्रास देते. तिला नुसती मारून किंवा झाकून चालत नाही, ती भिंतीवरून उतरवावी लागते. आणि ज्या पाण्यावर ती जगते ते थांबवलं नाही तर उतरवूनही उपयोग नाही.

2021 साली बुरशी हा शब्दच भयाचा झाला. मे महिन्यात महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडची रुग्णालयं काळ्या बुरशीच्या, म्हणजे म्युकरमायकोसिसच्या, रुग्णांनी भरली होती, आणि 22 जुलैला चिपळूण पुन्हा पाण्याखाली गेलं. दादाचा फोन आला, "भिंतीवर काळी बुरशी आलीय, आईला कुठे हलवू?" आईला तिथून हलवायला हवंच होतं, पण त्याच्या मनात होतं त्या कारणासाठी नव्हे. म्युकरमायकोसिस ज्या बुरशींनी होतो त्या भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यांपेक्षा वेगळ्या. त्या रोगातला काळा रंग मेलेल्या मांसाचा असतो, आणि तो गाठतो तो मुख्यतः अनियंत्रित मधुमेह असलेल्यांना, स्टिरॉइड्सच्या भडिमाराने प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांना. भिंतीवरची बुरशी सहसा असा जीव घेत नाही. ती खोकला देते, नाक वाहतं ठेवते, दमा भडकवते. दादाला एवढं समजवायला मला दोन फोन लागले. आईला दोन महिने मामाकडे ठेवलं, आणि या वेळी भिंती झाडल्या नाहीत, ओल्या करून पुसल्या.

त्या उन्हाळ्यात ॲम्फोटेरिसिन-बी या औषधासाठी लोक रात्ररात्र फिरत होते. त्याच कुळातलं हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये सापडलं होतं, तिथल्याच मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून. शोधणाऱ्यांत प्रमुख होते एम. जे. तिरुमलाचार, म्हैसूर संस्थानात जन्मलेले. माझं माहेरचं राज्य आणि सासरचं गाव एका औषधात भेटतात याचा मला आनंद होतो, तो इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

म्हैसूर तसं कोरडं. वर्षाचा पाऊस 800 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चिपळूणच्या पाव हिश्शाच्या जवळपास. म्हणूनच कपाटामागची भिंत मला कळेना. आधी एक रंगारी आला. त्याने बोटाने रंग खरवडला आणि म्हणाला, बुरशीरोधक प्रायमर, वर दोन हात प्लास्टिक पेंट, तीन दिवसांत मोकळे. मला दादाची दिवाळी आठवली. मी त्याला चहा दिला आणि नको म्हटलं.

मग घरमालकीण अज्जींनी त्यांच्या जुन्या मेस्त्रींना पाठवलं. सत्तरीचे गृहस्थ, लुंगी, खिशात छोटी हातोडी. त्यांनी बुरशीकडे पाहिलंच नाही. भिंतीवर तळहात ठेवून ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश गेले, मध्येच हातोडीने टकटक करत, आणि मला विचारलं, "नीरु एल्लिंद बर्ता इदे?" पाणी येतंय कुठून? वीस वर्षांत, दोन पुरांत, इतक्या रंगाऱ्यांत हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. पुराचं पाणी आम्हाला दिसत होतं म्हणून, आणि नंतरच्या ओलीला आम्ही पावसाचं देणं समजलो म्हणून.

भिंतीपलीकडे न्हाणीघर होतं. मेस्त्रींच्या सांगण्यावरून रात्री सगळे नळ बंद केले आणि गच्चीवरच्या टाकीत पाण्याच्या पातळीला खडूने खूण केली. सकाळी पाणी खुणेच्या चार बोटं खाली होतं. प्लंबरने फरशी फोडली तेव्हा भिंतीतल्या पाइपाचं कोपर केसाएवढं तडकलेलं निघालं. ती धार किती महिने भिंतीला पाजत होती कोण जाणे. त्यात मूळ भिंत चुन्याची, आणि मागच्या कोणी भाडेकऱ्याने वर प्लास्टिक पेंट चढवलेला. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, पण सोडायची वाटच बंद झाली होती. "गोडे उसिराडबेकु," मेस्त्री म्हणाले. भिंतीला श्वास घेता आला पाहिजे.

आता ती बुरशी काढायची कोणी? साधारण 10 चौरस फुटांच्या आतली, म्हणजे तीन बाय तीन फुटांच्या डागाएवढी बुरशी घरच्या माणसाने काढायला हरकत नाही, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. एन-95 मास्क, रबरी हातमोजे, बाजूला छिद्रं नसलेला चष्मा घालायचा, खिडकी उघडी आणि आतलं दार बंद ठेवायचं. डाग आधी ओला करायचा, साबणाच्या पाण्याने पुसायचा, फडकी पिशवीत बांधून टाकायची आणि भिंत पुरती वाळवायची. पण माझ्या पट्टीने आमचा डाग अठरा चौरस फूट भरला. शिवाय गिलावा फोडायचा होता, आणि त्याच भिंतीत स्विचबोर्ड होता. ओल्या भिंतीतल्या विजेशी खेळायचं नसतं. आधी वायरमन आला, त्याने त्या खोलीची लाइन तोडली. मग बंगळुरूहून दोघं जण आले. त्यांनी दाराला प्लास्टिकचा पडदा चिकटवला, खोलीतली हवा पंख्याने बाहेर ओढली, गिलावा भिजवून चार फुटांपर्यंत उतरवला, बारीक गाळणीच्या व्हॅक्यूमने विटा साफ केल्या. खर्च आमच्या महिन्याच्या भाड्याहून जास्त झाला, अर्धा अज्जींनी दिला. खर्च परवडत नसेल तर निदान दम्याच्या माणसाला, लहान मुलाला आणि गरोदर बाईला त्या कामापासून लांब ठेवायचं, हे तरी करता येतं. सांडपाण्याचा पूर असेल, घासूनही डाग पुन्हा पुन्हा येत असेल, एसीच्या आत बुरशी असेल किंवा स्लॅबची सळई फुगून सिमेंट सुटत असेल, तर फडकं खाली ठेवून जाणकाराला बोलवावं. सळईसाठी तर इंजिनिअरलाच. याबाबतीत माझं मत पक्कं आहे. घर आपणच आवरायचं असतं, हे शिकवत मुलींना वाढवलं जातं, आणि त्यात छात्या जातात.

प्लाय फेकून दिला. तो आतून फुगला होता. कपाटातला कागदांचा एक रुमाल मात्र टाकवेना. आजोबांची मोडी कागदपत्रं, दोन पूर पाहिलेली, आता तिसऱ्यांदा भुऱ्याला लागलेली. या शहरातल्या प्राच्यविद्या संशोधन संस्थेत कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं हस्तलिखित आहे. 1905 मध्ये पंडित शामशास्त्रींच्या हाती ते आलं आणि 1909 मध्ये छापून निघालं. ताडपत्रांना तेल लावून जपायची जुनी रीत तिथे मी पाहिली होती, म्हणून मीही कागदांना काही लावायला निघाले होते. कागद जपणाऱ्या एका बाईंनी फोनवरच थांबवलं. ताडपत्राचा उपाय कागदाला करू नका, पुसू नका, उन्हात टाकू नका, प्लास्टिकमध्ये बांधू नका. सावलीत पंख्याखाली वाळवा, कागदी पाकिटात घाला आणि माझ्याकडे आणा. नेले. चार पत्रं गेली, बाकीची राहिली.

भिंत सहा आठवडे उघडी ठेवली. मेस्त्रींनी चुन्याचा गिलावा केला, वर फक्त चुन्याचाच हात दिला. खोली मऊ पांढरी झाली.

आषाढातल्या दुसऱ्या शुक्रवारी आई आली. चामुंडीच्या डोंगरावर गर्दी होती म्हणून आम्ही घरीच राहिलो. पंप उशाशी ठेवून ती खोलीभर फिरली, नाकाने दोनदा हवा ओढली, काही बोलली नाही. मग नव्या कपाटाजवळ गेली आणि त्याच्या मागे हात घातला. चार बोटं गेली, तळहात अडकला.

"अजून थोडं पुढे घे गं," ती म्हणाली.