वेस, तिकटी, तालीम, कट्टा

एकटीनं मोटरसायकलवरून परक्या शहरात शिरायचं तर एक कला अंगात असावी लागते. ती म्हणजे विचारण्याची. घाट कसा उतरायचा, ओल्या रस्त्यावर ब्रेक किती दाबायचा, हे इतक्या वर्षांत हातापायांना पाठ झालंय. विचारणं मात्र दर गावी नव्यानं शिकावं लागतं, कारण प्रत्येक गाव आपला पत्ता आपल्याच शब्दांत सांगतं.

पुण्याहून पहाटे पाचला निघाले. खंबाटकी, सातारा, कराड मागे टाकत सव्वादोनशे किलोमीटरवर कोल्हापूरच्या तोंडाशी आले. फोनवर ताराराणी चौक दिसत होता आणि रिक्षावाले कावळा नाका म्हणत होते. ही दोन ठिकाणं आहेत असं समजून मी एक फेरी जास्तीची मारली. घोड्यावरच्या ताराराणींच्या पुतळ्यापाशी परत आले, तेव्हा कळलं की जागा एकच आहे. तिथंच फोन पिशवीत टाकला.

विचारण्याचे माझे काही नियम आहेत. गाडी बंद करायची, हेल्मेट काढायचं, तोंड दिसू द्यायचं. चालत्या माणसाला नाही, बसलेल्या माणसाला विचारायचं: फुलवाली, पानपट्टीवाला, रिक्षाथांबा. रोज एका जागी बसणाऱ्याला ती जागा ठाऊक असते. आणि शेवटचं ठिकाण विचारायचं नाही, फक्त पुढची खूण विचारायची. एकट्या बाईनं आपला सगळा बेत रस्त्यावर उघड करू नये, हेही त्यात आलं.

बिंदू चौकाजवळ गाडी लावली. या चौकात 1950 साली महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे उभे राहिले, बाबासाहेबांचा तर त्यांच्या हयातीतच. तिथून पुढं पायी निघाले. शहर समजून घ्यायचं असेल, तर गाडीवरून उतरावंच लागतं.

एका फुलवाल्या मावशींना गंगावेशीची वाट विचारली. ‘‘पापाच्या तिकटीवरनं जावा, मग कुणाला बी इचारा.’’ तिकटी! तीन वाटा मिळतात ती जागा. पुण्यात मी हा शब्द पत्त्यात ऐकला नव्हता. इथं तो रोजचा आहे, पापाची तिकटी, माळकर तिकटी. वेस म्हणजे जुन्या तटाचा दरवाजा. तट गेला, दरवाजे गेले, तरी गंगावेस आणि रंकाळा वेस पत्त्यात तशाच उभ्या आहेत. आणि तालीम तर जवळपास प्रत्येक पत्त्यात. पेठेतल्या पोरांचं ते घरच असतं. कुस्तीच्या या तालमींच्या नावानं इथं फुटबॉलही खेळला जातो. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम हे नावाजलेले संघ आहेत.

तालमींमागे शाहू महाराज उभे आहेत. त्यांनी बांधलेलं खासबाग मैदान 1912 साली खुलं झालं. मी गेले तेव्हा ते रिकामं होतं. मधल्या हौद्यात तांबडी माती आणि भोवती चढत गेलेली बैठक, कुठूनही पाहा, नजर हौद्यातच उतरते. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह, 1915 सालचं, तेही महाराजांचंच. 8 ऑगस्ट 2024च्या रात्री ते आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. कुस्ती आणि नाटक यांना भिंतीला भिंत लावून जागा देणारा राजा कसा असेल, याचा विचार करत मी बराच वेळ तिथं थांबले.

चप्पल ओळीत एका कारागिराच्या पुढ्यात बसले. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं चामडं, शिवण चामड्याच्याच वादीची, खिळा कुठंच नाही. पायात घालून पाहिली तर कडक लागली. त्यानं माझा पाय पाहिला, मग चप्पल. ‘‘ताई, आधी दोन दिवस तेल पाजा. मग ती तुमचा पाय वळखंल.’’ परक्या गावाशीही असंच वागावं लागतं, हे मला तिथं पटलं.

संध्याकाळी दूध कट्ट्याची वाट विचारली, तर पदर खोचलेल्या एक आजी म्हणाल्या, ‘‘मी बी तिकडंच चाललोय, चला संगट.’’ कोल्हापूरच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात हे ऐकून होते. प्रत्यक्ष ऐकलं आणि कान सुखावले. कट्ट्यावर म्हशी बांधलेल्या. माणसानं आचळ धुतले, धार सुरू केली. दूध थेट ग्लासात पडत होतं, आधी घुमल्यासारखा आवाज, मग फेस चढेल तसा मऊ. ग्लास हातात आला तो म्हशीच्या अंगाइतकाच कोमट. ‘‘एकट्याच आलाय?’’ आजींनी विचारलं. हा प्रश्न मला वाटेत शंभरदा विचारला गेलाय आणि बहुतेक वेळा मी सावध होते. या वेळी सरळ ‘हो’ म्हणाले. त्यांनी माझ्या हेल्मेटकडं पाहिलं. ‘‘मग अजून एक ग्लास घ्या की.’’

रात्री वहीत या गावाच्या पानावर चार शब्द लिहिले: वेस, तिकटी, तालीम, कट्टा. सगळ्या माणसं जमण्याच्या जागा. पत्ता सांगताना कोल्हापूर रस्ता सांगत नाही, माणसं कुठं भेटतील ते सांगतं.

सकाळी निघताना पेट्रोल भरणाऱ्या पोरानं विचारलं, ‘‘पुण्याला? वाट सापडंल न्हवं?’’ ‘‘हो,’’ मी म्हणाले, ‘‘कावळा नाक्यावरनं.’’